आपल्या ग्रुपसाठी मॅस्टोडॉन सर्व्हर: डोमेन घेण्यापासून काकूंना आणण्यापर्यंत

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्विटरनं ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं अकाउंट निलंबित केलं तेव्हा भारतात केवढा राग उसळला होता आठवतंय का? लोक झुंडीनं मॅस्टोडॉनवर गेले (ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले आणि एकमेकांशी जोडलेले सर्व्हर), चार दिवस सगळीकडे तेच नाव, आणि मग बरेचसे जण गुपचूप परत ट्विटरवर दिसायला लागले. २०२२ मध्ये इलॉन मस्कनं ट्विटर घेतलं तेव्हा तोच प्रकार जगभर झाला. महिन्याला वापरणारे लोक साधारण ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले आणि काही महिन्यांत तो आकडा बराच खाली आला.

दोन्ही वेळेला लोक एकेकटे आले. अकाउंट काढलं, रिकामी टाइमलाइन बघितली, ओळखीचं कुणी नाही, एकदोन पोस्ट टाकल्या, उत्तर नाही, बाय बाय. तंत्रज्ञान अवघड होतं हे कारण सगळे देतात पण तेवढं काही खरं नाही, आपल्याकडे साठीतली माणसं यूपीआय वापरतात आणि रेल्वेचं तत्काळ तिकीट काढतात, त्यांना एक साइन-अप जमत नाही असं होणार नाही. त्यांना तिथे बोलायला कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणून खाली जे लिहिलंय त्यात सर्व्हरचं तांत्रिक काम आहेच, पण जास्त भर अख्खा ग्रुप एकत्र कसा आणायचा यावर आहे. उदाहरण म्हणून मी मॅस्टोडॉन धरलाय कारण तो जुना आहे, २०१६ पासून आहे, जर्मनीच्या ऑयगन रोखकोनं सुरू केला, आणि तो ज्या ॲक्टिव्हिटीपबवर (सर्व्हरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) चालतो ते २०१८ पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमचं अधिकृत मानक आहे, म्हणजे उद्या मॅस्टोडॉन आवडेनासा झाला तरी त्याच जाळ्यातलं दुसरं सॉफ्टवेअर घेता येतं.

आधी ठरवा, कुणासाठी

"सगळ्या मराठी लोकांसाठी" असा सर्व्हर काढू नका. असा विचार करणारे खूप भेटतात आणि त्यांच्या सर्व्हरवर शेवटी ते स्वतः आणि दोन बॉट (आपोआप पोस्ट टाकणारी खाती) उरतात. आधीपासून रोज बोलणारा एखादा ग्रुप शोधा, तीस-चाळीस माणसं पुष्कळ झाली. ट्रेकर्स, हौशी नाटकवाले, पक्षी बघणारे, दिवाळी अंक वाचणारे, परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळातली तरुण मंडळी, काहीही चालेल, फक्त त्यांना एकमेकांशी बोलायची सवय असली पाहिजे.

मग बघा की त्यांना आत्ता काय त्रास होतोय. बहुतेक ग्रुप व्हॉट्सॲपवर असतात आणि तिथले त्रास ठरलेले आहेत: १०२४ च्या वर माणसं मावत नाहीत, नवीन आलेल्याला सहसा जुनं काही दिसत नाही, मागच्या पावसाळ्यात कुणीतरी टाकलेली वाटेची माहिती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली गेलेली असते, आणि ग्रुपमध्ये आलं की आपला फोन नंबर सगळ्यांच्या हातात जातो. हा शेवटचा मुद्दा बायकांना लगेच पटतो, त्यांना समजावून सांगावा लागत नाही. मॅस्टोडॉनला ईमेल लागतो, फोन नंबर लागत नाही. तुमच्या ग्रुपला यातला एकही त्रास होत नसेल तर सरळ सांगतो, सर्व्हर काढू नका, कुणी येणार नाही.

स्वतःचा सर्व्हर लागतोच का?

लगेच नाही. आधी आठ-दहा उत्साही लोक घ्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चालत्या सर्व्हरवर खाती काढून महिना-दोन महिने वापरून बघा. मॅस्टोडॉनची संस्था स्वतः चालवते तो मोठा सर्व्हर आहे, इतर विषयवार सर्व्हर आहेत. निवडताना मॅस्टोडॉनच्या अधिकृत साइटवरची यादी बघा कारण त्या यादीत यायला चार अटी पाळाव्या लागतात: द्वेषाच्या मजकुराविरुद्ध खरोखर मॉडरेशन (म्हणजे पोस्टवर लक्ष ठेवून वाईट ते काढणं), रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर उघडू शकणारा किमान एक दुसरा माणूस, आणि बंद करायचा तर तीन महिने आधी नोटीस. या चार अटी लिहून भिंतीला लावा, पुढे तुम्हाला स्वतःलाच लागणार आहेत.

आणि ब्लूस्काय, ते ट्विटरसारखंच दुसरं नवं ठिकाण? चांगलं आहे, अनुभव सोपा आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आमंत्रणाची अट गेली आणि त्याच वर्षी आलेली त्यांची स्टार्टर पॅकची युक्ती (एका लिंकवर दीडशेपर्यंत माणसं एकदम फॉलो होतात) आपण चोरावी अशीच आहे. पण तिथे बहुतेक लोक अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. ग्रुपला फक्त ट्विटर (आताचं एक्स) सोडायचं असेल तर ब्लूस्कायवर जा, आपले नियम आपण ठरवायचे असतील तर पुढे वाचा. ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, त्याचं खातं फॉलो केलं की मॅस्टोडॉनवरच्या पोस्ट ब्लूस्कायवाल्यांनाही दिसायला लागतात, तेव्हा हा काही जन्माचा निर्णय नाहीये.

डोमेन, म्हणजे नाव

हा मात्र जन्माचा निर्णय आहे. मॅस्टोडॉनचा सर्व्हर एकदा ज्या डोमेनवर सुरू केला ते डोमेन नंतर बदलता येत नाही, कारण प्रत्येकाच्या पत्त्यात ते असतं आणि जगभरच्या इतर सर्व्हरनी ते लक्षात ठेवलेलं असतं. त्यामुळे स्वस्त आणि गमतीशीर शेपटीच्या मागे लागू नका. अफगाणिस्तानच्या देश-डोमेनवर क्विअर लोकांचा एक सर्व्हर होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारनं ते डोमेनच काढून घेतलं, सर्व्हर धडधाकट होता पण पत्ता गेला. साधं डॉट इन, डॉट ऑर्ग, डॉट नेट घ्या, जमलं तर एकदम काही वर्षांचे पैसे भरा, ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि रजिस्ट्रारचा, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचा, लॉगिन दोन माणसांकडे ठेवा.

देवनागरी डोमेन घ्यायचा मोह होतो, डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. दिसायला छान, पण बऱ्याच ठिकाणी ते रोमन अक्षरांच्या अगम्य खिचडीत बदलून दिसतं आणि फोनवर कुणाला सांगताना तर वाट लागते. मुख्य डोमेन रोमनच ठेवा. युजरनेम पण रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढ्यातच काढता येतं, दिसणारं नाव मात्र मराठीत ठेवता येतं, ते सगळ्यांना पहिल्याच दिवशी करायला लावा, टाइमलाइनचा चेहराच बदलतो.

सर्व्हर उभा करणं

तीन रस्ते आहेत. पहिला, पैसे देऊन दुसऱ्याकडून चालवून घेणं. मॅस्टोडॉन होस्टिंग देणाऱ्या सेवा आहेत, अपडेट, बॅकअप सगळं ते बघतात, तुम्ही फक्त माणसं बघायची. ग्रुपमध्ये लिनक्स रोज हाताळणारं कुणी नसेल तर दुसरा विचारच करू नका.

दुसरा, स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्यानं घेतलेला आभासी सर्व्हर. छोट्या ग्रुपला दोन कोअर आणि ४ जीबी रॅमपासून सुरुवात करता येते, उबुंटू किंवा डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरता साठा), एनजिनेक्स (वेब सर्व्हर) आणि मॅस्टोडॉन. कंपनी आणि जागा बघून खर्च महिना काही शेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत जातो, वर ईमेल आणि स्टोरेज वेगळं. इन्स्टॉलेशनच्या आज्ञा इथे देत बसत नाही, अधिकृत डॉक्युमेंटेशन चांगलं आहे आणि दर आवृत्तीला थोडं बदलतं. तिसरा रस्ता गोटूसोशल, खूप हलकं सॉफ्टवेअर आहे, १ जीबी रॅममध्येही भागतं, पण त्याला स्वतःचा वापरायचा चेहरा नाही, वेगळं ॲप जोडावं लागतं, म्हणून पाच-सहा तांत्रिक मित्रांसाठी मस्त, काकूंसाठी नाही.

व्हीपीएसवर स्वतः करत असाल तर डॉक्युमेंटेशन वाचून सर्व्हर चालू होतोच, लोकांचं घोडं अडतं ते पुढच्या गोष्टींवर:

ईमेल. कन्फर्मेशनचा मेल स्पॅममध्ये गेला की तो माणूस गेला, परत येत नाही. स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवायचा हट्ट नको, मेल पाठवणारी सेवा घ्या, डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावा, आणि जीमेल, याहू, रेडिफ तिन्हीवर स्वतः खातं काढून मेल कुठे पडतो ते बघा. रेडिफ म्हटल्यावर हसू नका, आपल्या काकालोकांचे ईमेल अजून तिथे आहेत.

डिस्क. तुमच्या लोकांनी बाहेरच्यांना फॉलो केलं की त्या बाहेरच्यांचे फोटो-व्हिडिओ तुमच्या सर्व्हरवर साठायला लागतात. तुमचे तीस लोक काही टाकत नसले तरी डिस्क भरते आणि एका रात्री पोस्टग्रेस बंद पडतो. ॲडमिनमध्ये बाहेरच्या मीडियाचा साठा किती दिवस ठेवायचा ते सेटिंग आहे, तिथे सात दिवस टाका, आणि शक्य असेल तर मीडिया पहिल्यापासूनच ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइल्स ठेवायची वेगळी भाड्याची जागा) ठेवा.

बॅकअप. डेटाबेस, लोकांनी चढवलेल्या फाइल्स, आणि गुप्त किल्ल्या असलेली सेटिंगची फाइल, या तीन गोष्टी रोज, दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या जागी. सेटिंगची फाइल लोक विसरतात आणि त्यातल्या किल्ल्या गेल्या की डेटाबेस असूनही काही गोष्टी परत उघडत नाहीत. महिन्यातून एकदा वेगळ्या मशिनवर बॅकअप उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

अपडेट. जुलै २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅस्टोडॉनमध्ये गंभीर त्रुटी सापडल्या होत्या, दुसऱ्या वेळेला तर बाहेरून कुणालाही दुसऱ्याचं खातं आपलं असल्याची बतावणी करता येत होती. सुरक्षा अपडेट आलं की त्याच दिवशी घाला, "रविवारी बघू" चालत नाही.

शोध. पूर्ण मजकुरात शोधायला वेगळं शोध इंजिन बसवावं लागतं आणि ते भरपूर रॅम खातं. सुरुवातीला सोडून द्या, हॅशटॅगवर काम भागवा, म्हणूनच हॅशटॅग आधी ठरवायचे, ते पुढे येतंय.

नियम आणि ते राखणारी माणसं

नोंदणी उघडी ठेवू नका, मंजुरी घेऊनच प्रवेश. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमची मोठी लाट आली होती, ती मुख्यतः अशाच नोंदणी उघडी ठेवून मालकानं वाऱ्यावर सोडलेल्या छोट्या सर्व्हरवरून आली. त्यानंतर मॅस्टोडॉननंच अशी सोय केली की आठवडाभर कुणी मॉडरेटर फिरकला नाही तर नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. त्या वेळी त्रास देणारे सर्व्हर बाकीच्यांनी धडाधड ब्लॉक केले, आणि एकदा असं नाव खराब झालं की प्रत्येक ॲडमिनच्या विनवण्या करत बसावं लागतं.

नियम मराठीत, साध्या भाषेत, सात-आठ ओळींत. "आदर राखा" असलं मोघम लिहून उपयोग नाही, भांडण कशावरून होणार हे तुम्हाला माहीत आहे, तेच लिहा. जातीवरून, आडनावावरून टोमणा मारला तर पोस्ट जाईल. आलेले फॉरवर्ड टाकायचे नाहीत, स्वतःचं लिहा. दुसऱ्याचा फोटो विचारून टाका. निवडणुकीच्या काळात राजकारण चालेल का, चालेल तर कंटेंट वॉर्निंगखाली (पोस्ट झाकून वर इशारा) का, हे आधी ठरवा, मतदानाच्या आदल्या रात्री ठरवायला बसलात तर ग्रुप फुटतो.

मॉडरेटर किमान तीन, त्यात एक तरी बाई हवीच, कारण इनबॉक्समध्ये येऊन त्रास देणाऱ्याची तक्रार बायका दुसऱ्या बाईकडे लवकर करतात. ग्रुपमधलं कुणी अमेरिकेत किंवा युरोपात असेल तर त्यांना घ्या, आपण झोपलेलो असताना ते जागे असतात. बाहेरच्या वाईट सर्व्हरना ब्लॉक करायच्या तयार याद्या मिळतात, पण डोळे मिटून अख्खी यादी घालू नका, छोटी यादी घ्या आणि शंका असेल तिथे आधी "मर्यादित" करा (त्यांच्या पोस्ट फक्त त्यांना फॉलो करणाऱ्यांना दिसतात), थेट संबंध तोडू नका.

एक गोष्ट लोकांना स्पष्ट सांगा: मॅस्टोडॉनचे खासगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या ते वाचता येतात. हे "आमच्याबद्दल" पानावर लिहा आणि तोंडानंही सांगा, खासगी बोलायला सिग्नल ॲप वापरा म्हणावं.

कायद्याचं थोडक्यात. भारतातून असा सर्व्हर चालवलात की माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधले मध्यस्थांचे (दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या सेवांचे) नियम तुम्हाला पण बघावे लागतात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत असं होतं, नंतर दुरुस्त्या होत आल्यात, म्हणून आत्ता लागू असलेल्या मुदती बघूनच पानावर लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, त्या भानगडीत न पडता सर्व्हर १८ वर्षांवरच्यांसाठी ठेवा. आणि ग्रुपमध्ये एखादा तरी वकील असतोच, त्याला पहिल्या दिवसापासून कामाला लावा.

रिकामं घर दाखवू नका

२०१९ आणि २०२२ मध्ये जे झालं ते टाळायची ही जागा. नवीन सर्व्हर खरोखर रिकामा असतो, कारण बाहेरच्या माणसाची पोस्ट तुमच्याकडे तेव्हाच यायला लागते जेव्हा तुमच्याकडचं कुणीतरी त्याला फॉलो करतं, आणि फॉलो करायच्या आधीच्या जुन्या पोस्ट सहसा येत नाहीत. म्हणजे तुम्ही आज सर्व्हर चालू करून उद्या चाळीस जणांना बोलावलंत तर चाळीस जण शांतता बघून जातील.

तर आमंत्रणं द्यायच्या तीन-चार आठवडे आधी ते आठ-दहा उत्साही लोक आत न्या. त्यांनी रोज लिहायचं, एकमेकांना उत्तरं द्यायची, आणि आपल्या विषयाची बाहेरची चांगली खाती शोधून फॉलो करायची. ट्रेकचा ग्रुप असेल तर जगभरचे डोंगरवाले, भूगोलवाले, नकाशेवाले आहेत, पक्ष्यांचा असेल तर विचारूच नका. मेटाच्या थ्रेड्सवरच्या ज्यांनी फेडिव्हर्स (अशा जोडलेल्या सर्व्हरचं जाळं) शेअरिंग चालू केलंय त्यांनाही इथून फॉलो करता येतं. रिले नावाचा प्रकार (अनेक सर्व्हरच्या पोस्ट एकमेकांना पुरवणारा) जोडला तर बाहेरच्या पोस्टचा ओघ वाढतो, पण मोठा सरसकट रिले छोट्या सर्व्हरला झेपत नाही आणि त्यात मराठी औषधालाही सापडत नाही, ठराविक हॅशटॅगपुरता रिले मिळाला तर तोच जोडा.

हॅशटॅग देवनागरीत ठेवा आणि आधी ठरवा. गडकिल्ले, पाऊसनोंद, ओळख, वाचतोय, असे पाच-सहा पुरे. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन तऱ्हा झाल्या की दोन वेगळे हॅशटॅग होतात आणि अर्धी माणसं इकडे अर्धी तिकडे, म्हणून एक पिन केलेली पोस्ट करा आणि तिथून कॉपी करा म्हणून सांगा. प्रत्येकाला पोस्टची भाषा मराठी लावायला शिकवा, बाहेरचे लोक भाषेनुसार पोस्ट गाळतात आणि चुकून इंग्रजी लागलेली मराठी पोस्ट त्यांच्या पुढ्यात विनाकारण जाते. मॅस्टोडॉनच्या मेनूचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, ते स्वयंसेवक करतात, तुमच्या ग्रुपमधल्या भाषावाल्या मंडळींना हे काम द्या, त्यांना पण आपलं काहीतरी लागलंय असं वाटतं.

शेवटी ॲडमिनमध्ये, नवीन माणसाला कोणती खाती सुचवायची ते ठरवता येतं. तिथे तुमचे सगळ्यात बोलके दहा जण टाका. पदाधिकारी टाकू नका, बोलके टाका.

आता माणसं आणा

आमंत्रण व्हॉट्सॲपवरच द्यायचं, कारण लोक तिथेच आहेत. मेसेजमध्ये फेडिव्हर्स, प्रोटोकॉल, बिग टेक, स्वातंत्र्य, यातलं काही नको. ट्विटर-फेसबुकला शिव्या पण नकोत, ते वापरणाऱ्याला आपल्यालाच नावं ठेवल्यासारखं वाटतं. काहीतरी असं लिहा:

"मंडळी, आपल्या वाटांच्या नोंदी आणि फोटो इथे सापडत नाहीत म्हणून एक वेगळी जागा काढलीय. फोन नंबर लागत नाही, जाहिराती नाहीत. ही लिंक उघडा, नाव-ईमेल टाका, मी तिथे आहेच. अडलं तर सरळ फोन करा."

लिंक म्हणजे मॅस्टोडॉनमध्ये तयार केलेली आमंत्रणाची लिंक. ती बनवताना "माझं खातं फॉलो होऊ दे" यावर टिक करा, म्हणजे येणाऱ्याला निदान तुम्ही तरी लगेच दिसता. किती जणांसाठी आणि किती दिवस चालेल हे पण घाला, कारण आमंत्रणावरून येणाऱ्याला सहसा मंजुरीच्या रांगेत थांबावं लागत नाही, ती लिंक बाहेर फिरायला लागली तर कोण कोण घुसेल सांगता येत नाही. "आधी ॲप डाउनलोड करा" असं चुकूनही सांगू नका. अधिकृत ॲप नवीन माणसाला संस्थेचा मोठा सर्व्हर पुढे करतं, लोक तिथेच खातं काढून बसतात आणि मग विचारतात आपली माणसं कुठायत. आधी ब्राउझरमध्ये लिंक उघडून खातं, मग ॲप, मग ॲपमध्ये आपल्या सर्व्हरचं नाव टाकून लॉगिन.

मेसेज पाठवून दहा जण येतील. बाकीच्यांसाठी प्रत्यक्ष बसा. पुढच्या भेटीत, ट्रेकच्या परतीच्या बसमध्ये, मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी, अर्धा-पाऊण तास. लोकांचा फोन आपल्या हातात घेऊन भराभर करून देऊ नका, त्यांच्याच हातानं करू द्या, वेळ लागला तरी. तेवढ्यात प्रत्येकाचं हे झालं पाहिजे: मराठीत नाव, फोटो, दोन ओळी माहिती, दहा माणसं फॉलो, आणि ओळख या हॅशटॅगनं एक पोस्ट. त्या प्रत्येक ओळखीच्या पोस्टला तासाभरात कुणीतरी खरं उत्तर द्यायचं, नुसता लाईक नाही, "तुम्ही हरिश्चंद्रगडाला कुठल्या वाटेनं गेलात?" असं काहीतरी. हे काम दोन जणांना नेमून द्या, आपोआप होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सर्व्हर टिकणार की नाही हे या पहिल्या उत्तरांवर ठरतं.

प्रश्न येतील ते साधारण हेच.

"हे आहे कुणाचं रे? पैसे कोण भरतं?" काकू हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. "काकू, आपल्याच ग्रुपचं आहे, वर्षाची वर्गणी काढतो, हिशोब तिथेच लावलाय, बघा."

"मग दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशी कसं बोलता येतं?" इथे सगळे ईमेलचं उदाहरण देतात, ते देऊ नका, लोकांच्या लेखी ईमेल म्हणजे जीमेलच. त्यापेक्षा सिमकार्डाचं सांगा: तुमचं जिओ, माझं एअरटेल, तरी फोन लागतो ना, तसंच. कंपनी बदलता येते तसा सर्व्हर पण बदलता येतो, फरक एवढाच की इथे पत्ता बदलतो आणि फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात.

"माझी पोस्ट कुणाला दिसतच नाही." हा दुसऱ्या आठवड्यातला प्रश्न. इथे होम टाइमलाइनवर अल्गोरिदम नाही, लाईक करून पोस्ट पुढे जात नाही, बूस्ट केली (म्हणजे रीट्विटसारखी पुढे पाठवली) तरच जाते. फेसबुकवरून आलेला माणूस दिवसभर लाईक करत राहतो आणि त्याला वाटतं आपण मदत करतोय. बूस्ट करायला शिकवा, आणि तुम्ही मॉडरेटर लोक हात सैल सोडून बूस्ट करा.

नंतरचे महिने

पहिला उत्साह ओसरतो, ओसरू द्या. आठवड्याला एक ठरलेला विषय ठेवा, शुक्रवारी वाटेचा फोटो, रविवारी वाचतोय, असं. मराठी वर्षात तसंही निमित्तांची कमी नाही, पहिला पाऊस, वारी, गणपतीची आरास, दिवाळी अंक, त्या त्या वेळी दोन दिवस आधी सांगा. आणि एखादी गोष्ट फक्त इथेच मिळेल असं करा. ट्रेकचं वेळापत्रक आधी इथे, व्हॉट्सॲपवर फक्त त्याची लिंक. सार्वजनिक पोस्ट खातं नसलेल्यालाही उघडते, प्रत्येक सार्वजनिक प्रोफाइलची आरएसएस फीड (नव्या पोस्ट दुसऱ्या ॲपमध्ये आपोआप दाखवणारी लिंक) पण असते, त्यामुळे जे येणारच नाहीत त्यांना तोडल्यासारखं होत नाही आणि रोज लिंक बघून बघून त्यातले काही येतात. उलट दिशेनं मात्र नको, म्हणजे ट्विटरवरचं सगळं आपोआप इथे ओतणारी यंत्रं बंद, उत्तर न देणाऱ्या खात्याशी कोण बोलणार.

आकडे बघायचेच असतील तर एकूण खाती बघू नका, तो आकडा फुगलेलाच असतो. महिन्यात किती जणांनी काही लिहिलं आणि किती पोस्टना एकही उत्तर आलं नाही, हे दोन बघा. दुसरा वाढायला लागला की नवीन लोक आणणं थांबवा आणि आहेत त्यांच्याशी बोला.

पैसे वर्षाचे आधी गोळा करा. एकाच्या खिशातून चालणारा सर्व्हर त्या माणसाची नोकरी बदलली, बाळ झालं, कंटाळा आला की बंद होतो. सर्व्हर, डोमेन, मेल, स्टोरेज, बॅकअप असा खर्च मांडा, सर्व्हरवरच पोस्ट करा, यूपीआयवर वर्गणी घ्या, ज्याला जमत नाही त्यानं नाही दिली तरी चालेल असंही लिहा.

बंद करायची वेळ आली तर

हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवायचं. चांगले चाललेले सर्व्हर पण बंद होतात. मॅस्टोडॉन डॉट लोल २०२३ मध्ये बंद झाला, तिथल्या ॲडमिनला भांडणांचा आणि शिवीगाळीचा वीट आला होता, पण त्यानं आधी नोटीस दिली आणि लोकांना हलायला वेळ मिळाला. बॉट्सचं घर असलेला बॉट्सइन डॉट स्पेस पण २०२४ च्या अखेरीस असाच सांगून-सवरून थांबला. सर्व्हर एका रात्रीत गायब झाला की मात्र काही हलवता येत नाही, कारण हलवायची प्रक्रिया चालायला जुना सर्व्हर जिवंत लागतो.

म्हणून "आमच्याबद्दल" पानावर लिहा: बंद करायचं ठरलं तर तीन महिने आधी सांगू, सर्व्हर, डोमेन आणि बॅकअपचे पासवर्ड या दोन माणसांकडे आहेत. लोकांना हेही सांगा की खातं हलवलं की फॉलोअर नव्या जागी येतात, आपण कुणाला फॉलो करतो ती यादी फाइल उतरवून नव्या जागी चढवावी लागते, आणि जुन्या पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. पोस्ट आणि फोटोंचं संग्रहण दर सात दिवसांनी मागवता येतं, ज्यांच्या वाटांच्या नोंदी मोलाच्या आहेत त्यांना ते वर्षातून दोनदा तरी उतरवून ठेवायला लावा.

आणि मॉडरेटर मंडळींनी एकदा तरी खातं हलवण्याचा सराव करून बघा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर फोनवर सांगता येईल. फक्त तो सराव आपल्या मुख्य खात्यावर करू नका, चाचणीपुरती दोन वेगळी खाती काढा, कारण एकदा हलवल्यावर परत हलवायचं तर ३० दिवस थांबावं लागतं.